संभाजीनगरहून एका दिवसात लोणार, प्रायव्हेट गाडी आणि गाइड घेऊन जावं का?

ताई, जा. आणि प्रायव्हेटच जा. फक्त तो पॅकेजवाला "गाडी, गाइड, जेवण सगळं आमच्याकडे" म्हणतोय ना, ते तसं एकगठ्ठा घेऊ नका. गाडी संभाजीनगरहून करा आणि गाइड लोणार गावातलाच घ्या, माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, बाकीचं खाली सविस्तर लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीला टेकलेत, आईंचे गुडघे दुखतात, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला ग्रह-ताऱ्यांचं वेड आहे, हातात एकच दिवस आहे, आणि भीती ही की एवढे पैसे घालून शेवटी 'नुसतं एक तळं' बघून परत यावं लागेल. मी मूळचा जालन्याचा, आत्या मेहकरला, त्यामुळे घरी पाहुणे आले की लोणारला न्यायचं काम ठरलेलं असतं माझ्याकडे. तुमची भीती चुकीची नाही. गाडीतून उतरलात, काठावर उभे राहिलात, सेल्फी काढला आणि परत गाडीत बसलात तर ते खरंच नुसतं तळं आहे, हिरवट पाण्याचं. माझ्या चुलतभावाच्या घरच्यांचं अगदी असंच झालं. पॅकेजमधला गाइड म्हणजे ड्रायव्हरच निघाला, त्याने एका पॉइंटवर गाडी लावली, "हे उल्केने झालंय" एवढं सांगितलं आणि चला म्हणाला, आणि वाचलेल्या वेळात संभाजीनगरला परत आल्यावर पैठणी-हिमरूच्या दुकानात तासभर बसवलं. दुकानात त्याचं कमिशन असणार, तळ्यात त्याला काय मिळणार.

म्हणून पैसे देण्याआधी गाइडशी स्वतः फोनवर बोला आणि एकच विचारा, खाली कुठून उतरणार आणि वर कुठून येणार? लोणारचा माणूस असेल तर तो लगेच उलट तुम्हालाच विचारेल की सोबत कोण आहे, गुडघे कसे आहेत, किती वाजता पोचताय. "वरूनच सगळं दिसतं, खाली जायची गरज नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. गाइड आधी ठरला नाही तरी फार बिघडत नाही, धारेजवळ (म्हणजे तिथला गोमुखाचा झरा) किंवा गावातल्या लॉजवर विचारलं तर कोणीतरी भेटतो, पण रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चांगले लोक आधीच बुक असतात.

आता ते 'तळं' का नाही ते सांगतो, मुलाला गाडीत वाचून दाखवा हवं तर. जवळजवळ 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर आहे, काठापासून तळ साधारण 137 मीटर खाली, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली बिल्डिंग उलटी पुरली असं समजा. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उचललेला आहे, कारण आघाताने आतला दगड उसळून बाहेर पडला आणि कडेला साठला. गंमत म्हणजे बरीच वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते, आणि समजणार नाहीत तर काय, आख्खं दख्खन लाव्ह्याचंच बनलंय. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली, पण ते उल्कापाताचं आहे हे पक्कं व्हायला 1970चं दशक उजाडलं. तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याने न वितळताच काच बनलेलं खनिज, आणि तेवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, इतकं नीट टिकलेलं आघात-विवर पृथ्वीवर फार कमी ठिकाणी आहे, आणि चंद्र-मंगळावरही बेसॉल्ट बराच असल्याने त्यांचा अभ्यास करणारे लोक इथे येऊन दगड तपासतात. दहा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय पाहिजे.

वयाचं मात्र गाइड काय सांगतो ते जरा कान देऊन ऐका. बरेच जण अजून पन्नास-बावन्न हजार वर्षं सांगतात, जुन्या बोर्डांवर-पुस्तकांतही तेच आहे. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेल्या आर्गॉन वायूवरून, जे वय काढलं ते साधारण 5 लाख 70 हजार वर्षं आलं. ज्याला दोन्ही आकडे माहीत आहेत तो गाइड वाचणारा आहे समजा. पण नसले माहीत तरी लगेच नाक मुरडू नका, कारण ज्याला आकडे येत नाहीत त्याला पायवाटा आणि देवळं पाठ असतात आणि त्या दिवशी तुम्हाला त्याचीच जास्त गरज पडणार आहे.

खाली उतरल्यावरचा एक प्रकार मला फार आवडतो. मागच्या वेळी भाची सोबत होती. आमच्या गाइडने पाण्याच्या जवळ गेल्यावर खिशातून हळदीची पुडी काढली, चिमूटभर हळद पांढऱ्या कागदावर चोळली आणि तळ्याचं पाणी बोटाने दोन थेंब टाकलं. पिवळ्याचं बघता बघता विटकरी लाल झालं. मग बाटलीतलं धारेचं पाणी शेजारी टाकलं, तिथे पिवळं ते पिवळंच. भाची म्हणाली कुंकू झालं की, तर तो म्हणाला बरोबर, कुंकू असंच करतात, हळदीत चुना घालून, आणि या तळ्यात देवाने चुन्यासारखाच काहीतरी क्षार आधीच घालून ठेवलाय. पाणी खारं तर आहेच, शिवाय अल्कधर्मी, पीएच वर्षानुवर्षं दहाच्या आसपास मोजला गेलाय. मासे-बिसे पूर्वी नसायचेच, शेवाळ आणि सूक्ष्मजीव मात्र भरपूर, त्याचाच तो अंड्यासारखा वास येतो काठावर, आईंना आधी सांगून ठेवा. जून 2020 मध्ये लॉकडाउनमध्ये पाणी गुलाबी झालं ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, ते पण या सूक्ष्मजीवांचंच काम, खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं होतं. आता गुलाबी नाहीये, इन्स्टावरचे फोटो दाखवून कोणी नेत असेल तर आधीच समजून घ्या.

आणि तिथेच पाण्याच्या काठापासून वर धार आहे, गोमुखातून बारा महिने गोडं पाणी पडतं, लोक अंघोळी करतात. वर गोडं, खाली खारं, अंतर चालत जाण्याइतकं. हे मला दरवेळी नवल वाटतं.

आई-बाबांचं असं करा. खाली उतरायची वाट दगडी पायऱ्यांची आणि मग जंगलातली पायवाट, उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना दम. बाबांना जमेल कदाचित, आईंना नका नेऊ. पण म्हणून त्यांचा दिवस फुकट जात नाही, आणि प्रायव्हेटचा खरा फायदा इथे आहे, ग्रुप टूरमध्ये सगळ्यांना एकाच चालीने हाकलतात. तुम्ही, मुलगा आणि गाइड खाली, आई-बाबा धारेच्या देवळात सावलीला, गाडी त्यांच्याजवळ. नंतर सगळे मिळून गावातलं दैत्यसूदन मंदिर, हे मात्र कोणी चुकवू नका. लवणासुराला विष्णूने मारलं ती कथा तिथली, त्यावरूनच लोणार, आणि बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघत आई-बाबा तळं विसरतील. आत छतावर शिल्पं आहेत आणि अंधार असतो, गाइडकडे टॉर्च असतो, नसेल तर मोबाइल चार्ज ठेवा. मोठा मारुती म्हणून निजलेला हनुमान आहे, जवळच छोटं तळं, अंबर, त्याला लोक छोटं लोणार म्हणतात आणि उल्केचाच तुकडा तिथे पडला असं सांगतात, काही अभ्यासकांना ते मान्य नाही. लिंबी बारव पण गावातच. हे सगळं गाडीने होतं, चढ-उतार जवळपास नाही.

कमळजा देवीचं देऊळ अगदी पाण्याजवळ आहे. तिथपर्यंत जाता येईल का हे त्याच आठवड्यात गाइडला विचारा, कारण अलीकडे पाण्याची पातळी वाढलीय आणि पूर्वी जिथून चालत तळ्याला फेरी मारायचो त्यातला बराच भाग पाण्याखाली किंवा चिखलात असतो. आईंना देवीचा नवस-बिवस असेल तर ही चौकशी आधी. काठावरचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय घातला की बूट आत, तर मुलाला हाताशी धरा.

दगडांबद्दल पण बोलून टाकतो. गाइड चुंबक किंवा होकायंत्र काढतो, दगडाजवळ नेतो, काटा हलतो, आणि मग 'उल्केतलं लोखंड' वगैरे सुरू होतं. बघा, मजा घ्या, पण बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, सिंहगडावरचा दगड पण काटा हलवू शकतो. मूळ उल्का आदळली तेव्हाच बहुतेक सगळी वाफ झाली. तेव्हा कोणी 'उल्केचा तुकडा' विकायला आणला तर हसून नको म्हणा. आणि मुलाने खिशात दगड भरले असतील तर काढून ठेवायला लावा, हे अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, इथून काही उचलून न्यायचं नसतं.

वेळेचं गणित सोपं आहे. संभाजीनगर ते लोणार साधारण दीडशे किलोमीटर, जालना, सिंदखेडराजा करत, तीन तास धरा, समृद्धीवरून गेलात तर थोडं आरामात. सकाळी सहाला निघालात तर नऊ-साडेनऊला काठावर, आणि उतरायचं असेल तर सकाळीच उतरा, दुपारी बाराच्या उन्हात ती चढण म्हणजे शिक्षा आहे. उलट करू नका, आधी देवळं मग तळं असं बरेच ड्रायव्हर करतात कारण गाव आधी लागतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात हिरवंगार असतं पण पायऱ्या निसरड्या, एप्रिल-मेचं तर नावच काढू नका.

गाडी ठरवताना किलोमीटरचा रेट विचारून थांबू नका. बाहेरगावच्या गाडीला बहुतेक जण दिवसाचे कमीत कमी अडीचशे-तीनशे किलोमीटर लावतात, तुमचं जाऊन-येऊन तेवढं होतंच, त्यामुळे तिथे नुकसान नाही, पण ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग आणि रात्री उशीर झाला तर काय, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. गाइडचे पैसे गाइडच्या हातात द्या, पॅकेजवाल्याकडून गेले तर त्याच्यापर्यंत किती पोचतात देव जाणे. आणि माणसामागे की ग्रुपमागे, खाली उतरण्यासकट की वेगळे, हे उतरायच्या आधी, वर आल्यावर नाही.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. गावात साधी हॉटेलं आहेत, भाकरी, ठेचा, पिठलं किंवा शेवभाजी मिळते, बरी असते. पॅकेजमधलं 'स्पेशल लंच' म्हणजे तेच, फक्त दुप्पट बिल. खाली विवरात काहीच मिळत नाही, माणशी दोन बाटल्या पाणी आणि मुलाला चिक्की-बिस्किटं सोबत ठेवा, हातात उघडा खाऊ नको, वानरं हिसकावतात. मोसंबीचे दिवस असतील तर जालन्याला रस्त्यावर गाडी थांबवून रस प्या, तेवढा तर आमच्या गावाचा मान ठेवा.

परतताना चारच्या आत लोणार सोडलं तर सिंदखेडराजा होतं, वाटेवरच आहे, लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. आई-बाबांना तिथे उतरायचं असणारच, मराठी घरातले आई-बाबा सिंदखेडराजाची पाटी बघून गप्प बसत नाहीत. फक्त 12 जानेवारीच्या आसपास जात असाल तर जिजाऊ जयंतीची प्रचंड गर्दी असते, त्या दिवशी त्या रस्त्यावर गाडीच घालू नका, मंठ्याकडून जा किंवा तारीख बदला. आणि त्याच दिवसात वेरूळला पण जमेल का असं पॅकेजवाला म्हणत असेल तर तो तुम्हाला दिवसभर फक्त गाडीत बसवणार आहे, तसंही तुम्ही लिहिलंय की वेरूळ तुमचं आधीच बघून झालंय.

तारीख ठरली की इथेच कमेंटमध्ये टाका, त्या सुमाराला पाणी कुठवर आहे ते आत्याच्या घरच्यांना विचारून सांगतो.