आजीची बोरमाळ आटवावी का?

प्रश्न : माझ्याकडे आजीची लाख भरलेली बोरमाळ आणि दोन भरीव पाटल्या आहेत. मुलीच्या लग्नासाठी सगळे सोने आटवून नवा हार घडवावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आमचे सोनार मात्र बोरमाळ आटवू नका, तिच्यातूनच हार घडवून देतो, असे म्हणतात. यात काही अर्थ आहे, की ही केवळ कारागिराची हौस आहे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, तुमच्या सोनारांचे ऐका. बेळगावात शहापूरच्या पेठेत अशा बोरमाळा आजही दुरुस्तीला येतात, कन्नड घरांतूनही येतात, आणि त्या आटणीला निघाल्या की मला मनापासून वाईट वाटते.

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. सोन्याचा पत्रा ठोकून पातळ करतात; ठोकता ठोकता तो ताठर होतो, म्हणून मध्येच लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. त्यातून दोन वाट्या उठवतात, टाकणखार (बोरॅक्स) लावून त्या डागाने, म्हणजे जोडासाठी वितळवायच्या मिश्र सोन्याने, जोडतात आणि आतली तापलेली हवा निघून जावी म्हणून भोक ठेवतात. एवढा पातळ मणी बोटाच्या दाबानेही चेपेल. त्याला बळ येते ते आत भरलेल्या लाखेमुळे. म्हणजे लाख ही भेसळ नव्हे, थोड्या सोन्यात भरदार मणी उभा करण्याची ती युक्ती आहे, आणि सोनाराची कल्पकता मला नक्षीपेक्षा अशा जागी अधिक दिसते.

ही माळ आटवली तर लाख जळून जाईल आणि काट्यावरचे वजन एकदम उतरलेले दिसेल. शिवाय सोन्याआधी वितळावा म्हणून डागात चांदी-तांबे अधिक असते. प्रत्येक मण्याचा डाग आटणीत मिसळला की बावीस कॅरेटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोन्याचा, कस खाली येतो. भरीव पाटल्यांत जोड कमी असल्यामुळे ही घट फारशी होत नाही. आटवायच्याच असतील तर त्या आटवा.

पाटल्यांच्या सोन्यातून मधले पदक घडवून दोन्ही बाजूंना आजीचे मणी ओवता येतील. यात दोन गोष्टींवर कारागिराची नजर लागते. पहिली रंगाची : तांबे अधिक असेल तर सोने लालसर दिसते, चांदी अधिक असेल तर फिकट, म्हणून जुन्या मण्यांशेजारी पदक उपरे वाटू नये असा मेळ त्याने आधीच साधायला हवा. दुसरी जोडाची : लाख भरलेल्या मण्याला ज्योत दाखवता येत नाही, त्यामुळे जोडणी तारेच्या कड्यांनी किंवा दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याच्या रेशमी दोऱ्यानेच करावी लागते, आणि हाराची ठेवण त्या बंधनातूनच ठरते. मी असा हार घडवताना चेपलेले मणी मानेमागे घेतो आणि टपोरे पदकाजवळ ठेवतो.

पदकावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, करून घ्या. पाटल्या मुशीत जाण्यापूर्वीचे आणि आटवल्यानंतरचे वजन, दोन्ही तुमच्या डोळ्यांदेखत होऊन पावतीवर लिहिलेले असावे. घडणावळही त्याच वेळी ठरवा. मणी जुने असले तरी ते निवडून, जुळवून बसवण्यात कारागिराचे कित्येक दिवस जातात, तेव्हा ती रास्त असेल तर घासाघीस करू नका.