हाडांचे प्रश्न : नडगीतली पाच सेंटिमीटरची पोकळी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग तोच सांभाळतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मोटरसायकलला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची धडक बसली. डाव्या नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले, जखमेत माती गेली, आणि जवळजवळ ५ सेंटिमीटर हाड काढून टाकावे लागले. पोटरीचा स्नायू फिरवून जखम झाकली, बाहेरून सळयांची फ्रेम लावली आणि पोकळीत सिमेंटचा तुकडा बसवला. आता म्हणतात, तो तुकडा काढून तिथे कमरेचे हाड आणि कृत्रिम हाडाचे दाणे भरायचे. काढायचाच होता तर बसवला कशाला? आणि कृत्रिम हाड मिळते, तर त्याच्या कमरेला पुन्हा कशाला कापायचे? पुण्याचा भाचा सांगतो, हाड उगवण्याचे औषध परदेशात मिळते. भाऊ माळकरी आहे, दाण्यांत जनावराचे काही असले तर त्याला चालणार नाही. पुढच्या आषाढीला निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जायचे त्याच्या मनात आहे.
— एक बहीण

उत्तर : ताई, माळेचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो विचारायला घरची माणसे संकोचतात आणि शस्त्रक्रिया उरकल्यावर हळहळतात. बाजारात दोन्ही प्रकारचे दाणे आहेत. काही गाईबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून केलेले असतात. काही पूर्णपणे रसायनांपासून बनवलेले असतात : हायड्रॉक्सिअॅपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा या दोघांचे मिश्रण. आपल्या हाडाचा खनिज भाग हायड्रॉक्सिअॅपटाइटच्याच जातीचा असतो, म्हणून शरीर या पदार्थांना परके मानत नाही. दाणे कोणत्या प्रकारचे ते खोक्यावर छापलेले असते. 'पूर्ण कृत्रिमच हवेत' असे डॉक्टरांना आजच सांगा. संकोच करू नका, हे सांगणे तुमच्या भावाचा हक्क आहे. आणखी एक पर्याय म्हणजे दान केलेले माणसाचे हाड. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी (टिश्यू बँक) १९८८ पासून असे हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवते.

आता सिमेंट. हे घरबांधणीचे सिमेंट नव्हे. सांधे बदलताना वापरतात ते अॅक्रिलिक आहे, आणि त्यात बहुतेक वेळा प्रतिजैविक कालवलेले असते. ते हाडाची जागा धरून ठेवते, आजूबाजूचे मांस पोकळीत घुसू देत नाही आणि जंतूंशी लढते. पण त्याचे सर्वात मोठे काम वेगळेच आहे. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या तुकड्याभोवती एक पातळ पडदा विणते. फ्रान्सचे शल्यविशारद आलँ मास्कले यांनी १९८० च्या दशकात या पडद्याचा उपयोग ओळखला. तो पडदा रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो आणि हाड वाढवणारी द्रव्ये स्वतः स्रवतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत पडद्याला अलगद चीर देऊन तुकडा बाहेर काढतात, त्याच पिशवीत नवे हाड भरतात आणि ती शिवून टाकतात. तुकडा बसवला तो या पिशवीसाठी. ते दोन महिने वाया गेलेले नाहीत.

मग कंबर का कापायची? तुम्ही बागाईतदार आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. द्राक्षवेलीला मांडव लागतो, पण घड मांडवाला लागत नाहीत. दाणे म्हणजे तो मांडव. त्यांना साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरची छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात, त्यांतून रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात. पण दाण्यांमध्ये जिवंत पेशी नसतात. त्या खुब्याच्या वरच्या कडेतल्या मऊ, लालसर हाडात असतात. छोटी पोकळी नुसत्या दाण्यांनी भरून येते, तशी मी स्वतः भरते. नडगीत आरपार ५ सेंटिमीटर तुटलेले असताना फक्त दाणे भरणे मला धोक्याचे वाटते. मिश्रण केले की कमरेतून हाड कमी काढावे लागते, हा दाण्यांचा खरा फायदा. दाणे फार आणि स्वतःचे हाड थोडे, असे मात्र होऊ नये. कंबर काही आठवडे दुखेल, काहींची जास्त काळ दुखते. काही ठिकाणी मांडीच्या हाडाच्या पोकळीतूनही मगज काढतात, तेही विचारून पाहा.

एक्स-रेबद्दल आताच सांगून ठेवते. दाणे फोटोत पांढरेशुभ्र दिसतात, हाडापेक्षाही ठळक. घरच्यांना वाटते हाड भरले, आणि रुग्ण परस्पर पाय टेकवू लागतो. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांत विरघळत जाते. हायड्रॉक्सिअॅपटाइट वर्षानुवर्षे तिथेच दिसते. तेव्हा पांढऱ्या रंगावर विसंबू नका. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन फोटोंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी निदान तीन कडांवर हाडाचा पूल सलग झाला का, ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.

भाच्याने ऐकलेले खोटे नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, आणि तिथे स्नायूतच नवे हाड तयार झाले. त्यामागच्या प्रथिनांना बीएमपी म्हणतात. त्यांतले बीएमपी-२ प्रयोगशाळेत बनवतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते मणके जोडण्यासाठी मंजूर केले आणि २००४ मध्ये नडगीच्या ताज्या उघड्या फ्रॅक्चरसाठी. पण ते सुईने टोचायचे इंजेक्शन नव्हे. ते स्पंजात भिजवून शस्त्रक्रियेत ठेवावे लागते, आणि तो स्पंज गाईबैलांच्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो. म्हणजे माळेचा प्रश्न इथेही येतोच. औषध अतिशय महाग आहे. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घशाला घातक सूज आल्याने २००८ मध्ये त्याच प्रशासनाने इशाराही दिला होता. तुमच्या भावासाठी जमीन विकून ते आणावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्यासाठी ठरवलेला उपाय चांगला आणि पारखलेला आहे.

दुसरा रस्ता इलिझारोव्ह यांचा. सैबेरियातल्या कुर्गानच्या या डॉक्टरांनी हाड कापून दिवसाला १ मिलिमीटर सरकवत नवे हाड वाढवले. ५ सेंटिमीटरसाठी नुसते सरकवायलाच ५० दिवस, आणि ते पक्के होईपर्यंत कड्यांची फ्रेम आणखी कित्येक महिने पायावर. या वेळी हाड धरले नाही तर हा मार्ग शिल्लक आहे, हे लक्षात असू द्या.

तुम्ही जे विचारले नाही ते मी विचारते : भाऊ तंबाखू खातो का? मळलेली, गुटखा, मिश्री, विडी, कुठलीही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्या पडद्याचे सगळे बळ रक्तवाहिन्यांतच आहे. उत्तम दाणे, उत्तम शल्यविशारद, आणि ओठाखाली तंबाखूची चिमूट : असे पाय मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते. शस्त्रक्रियेआधी सुटलीच पाहिजे. साखर तपासा, ड जीवनसत्त्व तपासा. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून देऊ नका. अंडी चालत नसतील तर डाळी, दूध, ताक, शेंगदाणे रोज भरपूर द्या.

वारीचे सांगते. हाड भरल्यावर ते जुळायला सहा महिने ते वर्ष लागू शकते, आणि त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर ही वाट लांबची आहे. पुढच्या आषाढीला त्याने गाडीने जाऊन दर्शन घ्यावे. पायी जाण्याचे त्यानंतर, एक्स-रे पाहून ठरवू.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या होतील, त्यांवरून शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असल्याचा अंदाज येतो. त्या वाढलेल्या आल्या किंवा पोकळी उघडल्यावर पू दिसला, तर डॉक्टर कदाचित हाड भरणारच नाहीत. जखम धुऊन नवे सिमेंट बसवतील आणि पुन्हा काही आठवडे थांबायला सांगतील. तसे झाले तर त्यांच्यावर रागावू नका. जंतू असलेल्या जागी भरलेले कमरेचे हाड वाया जाते, आणि कमरेत असे हाड थोडेच असते.