३१ आठवड्यांचं बाळ आठ महिन्यांचं झालं तरी बसत नाही, एमआरआय करावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ३१व्या आठवड्यात झाला, आता आठ महिन्यांचा आहे, अजून बसत नाही, डॉक्टर एमआरआय म्हणतात आणि सासूबाई म्हणतात थांबा. आणि मेंदूतल्या जोडण्या आत्ता बघून तो पुढे नीट चालेल का हे कळतं का, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, घरी ब्लाउज शिवते. पण ते "थांबा" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधी हिशोब. नऊ आठवडे लवकर झालाय म्हणजे तुमचा मुलगा धरायचा सहा महिन्यांचा. सहाव्या महिन्यात आधाराशिवाय न बसणारी पूर्ण दिवसांची मुलंही ढिगानं असतात, त्यामुळे नुसतं बसत नाही म्हणून जीवाला घोर लावून घेऊ नका. पण दोन्ही मुठी उघडतात का, खुळखुळा दोन्ही हातांनी घेतो का, लंगोट बदलताना पाय ताठ होतात का, वळतो तो एकाच अंगावर का, ह्यातलं एक अक्षर तुम्ही लिहिलेलं नाही. आम्हीही बसते कधी, रांगते कधी एवढंच बघत बसलो होतो.

माझी मुलगी २९व्या आठवड्यातली, ११५० ग्रॅम. ४६ दिवस काचेच्या पेटीत होती. तिसऱ्या दिवशी टाळूवरून सोनोग्राफी केली तर मेंदूत उजव्या बाजूला रक्तस्राव निघाला. घरी सोडायच्या आधी परत केली तेव्हा डॉक्टर म्हणाले रक्त विरघळत आलंय, पण फिजिओला दाखवत रहा. आमच्या घरानं त्यातलं "विरघळलं" तेवढं ऐकलं. थोरल्या दिरांचं मेडिकल दुकान आहे, त्यामुळे घरात औषधपाण्याचा शेवटचा शब्द त्यांचा, आणि ते म्हणाले आता काही नाही, वजन वाढवा फक्त.

सातव्या महिन्यात उष्टावण केलं. माझ्या भावाच्या मांडीवर बसवली, त्यानं चांदीचा चमचा पुढे केला आणि तिनं तो उजव्या हातानं गपकन धरला. भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, जेवायचा हात पोरीला आत्ताच कळतोय!" सगळे हसले. मीही हसले, ते अजून आठवतं.

रात्री तिच्या मनगट्या काढायला बसले. उजव्या हातातल्या मनगटीचा दोरा चोखून चावून पार पिंजलेला, मण्यांचा रंग गेलेला. डावी नवी कोरी, दुकानातून आणली तशी. माझा धंदाच दोऱ्याचा, कुठली शिवण कुठे घासते ते मला चटकन दिसतं. डावा हात एकदाही तोंडाकडे गेला नव्हता. मग ती मूठ उघडायला गेले तर अंगठा आत दाबलेला, एकेक बोट सोडवावं लागलं. आत आंबूस वास आणि माझ्याच मशीनखालचे दोरे, हिरवे आणि मोरपंखी. मोरपंखी ब्लाउज गिऱ्हाईक चार दिवसांपूर्वी घेऊन गेलं होतं. म्हणजे चार दिवस, रोज आंघोळ घालून, ती मूठ कुणी उघडली नव्हती. मीसुद्धा नाही.

सकाळी सांगितलं तर भाऊजी म्हणाले उजव्या हाताची आहे, काही मुलं असतात. सासूबाई म्हणाल्या सातव्यातलं लेकरू जगलं वाचलं, आता त्यात खोट काढू नकोस. जाऊबाईंनी त्यांच्या मुलाचं सांगितलं, तो दीड वर्षाचा होईपर्यंत चालला नव्हता आणि आता क्रिकेट खेळतो. माझ्या नवऱ्यानं काहीच सांगितलं नाही. ह्यात अडीच महिने गेले. वर्षाच्या आत बाळ डावं-उजवं ठरवत नाही. कायम एकच हात वापरत असेल तर तो हुशारीचा नाही, दुसऱ्या हाताचा प्रश्न असतो. एवढी साधी गोष्ट औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं बसून माहीत नसावी? असो.

शेवटी भावाला घेऊन एसटीनं मिरजेला गेले. तिथल्या फिजिओ मॅडमनी दहा मिनिटं पोरीला नुसतं खेळवलं आणि सांगितलं, डावी बाजू कमी आहे. उजव्या मेंदूतून डावा हात चालतो, आणि रक्त उजवीकडेच होतं. मॅडमचं समजावणं मला माझ्या भाषेत कळलं ते असं. ब्लाउजला आपण आधी कच्चा टाका घालतो, नीट बसलं की त्यावर मशीन मारतो आणि कच्चा उसवून टाकतो. जन्मताना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांतून दोन्ही हातांकडे असे कच्चे टाके असतात. पुढच्या दीड-दोन वर्षांत जो धागा वापरात असतो तो पक्का होतो, वापरला नाही तो उसवतो. इजा झालेल्या बाजूचे धागे आधीच अशक्त, त्यात हात वापरलाच नाही तर दुसऱ्या बाजूचे त्यांची जागा घेतात. नंतर मी वाचलं, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॅनेट आयर ह्या डॉक्टरांनी बाळांवर हे मोजून दाखवलंय.

पायांचं गणित वेगळं. मेंदूच्या मधे पाण्याच्या पोकळ्या असतात आणि पायाकडे जाणारे धागे त्यांना सगळ्यात चिकटून जातात. धाग्यांवर आवरण चढवणाऱ्या पेशी साधारण २४ ते ३२ आठवड्यांत फार नाजूक असतात, त्या काळात ऑक्सिजन कमी पडला किंवा इन्फेक्शन झालं की पहिला मार तिथे. म्हणून लवकर झालेल्या मुलांचे पाय ताठ होतात आणि डोकं मात्र तल्लख असू शकतं. तुमचा ३१चा आहे म्हणून पाय बघा म्हणते.

तर आमचं काम ठरलं, रोज अर्धा तास उजव्या हातात मोजा घालायचा आणि डाव्या हातानं खेळायला लावायचं. मोजा मी अस्तराच्या कापडाचाच शिवला, बोटं नाहीत, मनगटाला नाडी. पहिल्या दिवशी पोरगी रडली तर जाऊबाई दारातून ओरडल्या, "लेकराचा चालता हात बांधतीस व्हय गं?" मी शिलाई मशीनवरची कात्री घेऊन उठले होते एवढंच सांगते. कात्री दोरा कापायला घेतली होती, पण त्यांना तसं वाटलं नाही. त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नाही.

आता एमआरआयचं. डॉक्टर म्हणतायत तर करा, त्यात एक्सरेसारखं रेडिएशन नसतं. ह्या वयात बाळाला झोपेचं औषध द्यावं लागतं एवढा त्रास. इजा कुठे आहे ते त्यात दिसतं, पुढे चालेल का ह्याची तारीख दिसत नाही. लंडनमधे नवजात बाळांच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा करायचा मोठा प्रकल्प झालाय, त्यात वेळेआधी झालेली बाळंही होती, पण त्यातून शेकडो बाळांची मिळून गोष्ट कळते, तुमच्या एकट्या मुलाची नाही. त्याच्यासाठी हॅमरस्मिथची तपासणी करून मागा, म्हणजे बाळाचा ताठपणा, हालचाल, बसणं-धरणं हातानं तपासून त्याला गुण देतात ती. मशीन लागत नाही, दोन वर्षांपर्यंत करता येते, शिकलेला माणूस मात्र पाहिजे. आणि रिपोर्टची वाट बघत फिजिओ लांबवू नका. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी असतं, म्हणजे मुलांच्या वाढीतली अडचण लवकर ओळखून उपचार करायचं सरकारी केंद्र, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथे पैसे पडत नाहीत. वॉकर कुणी आणला तर माळ्यावर टाका, त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं आणि पडून डोकी फुटतात. कॅनडात २००४ पासून विकायलाच बंदी आहे.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. थोडी लंगडते. डावा हात मदतनीस आहे, कापड दाबून धरतो आणि उजवा कापतो. स्वतःची वेणी घालता येत नाही. ते अडीच महिने मिळाले असते तर घालता आली असती का, हे मला कुणी डॉक्टर सांगू शकलेला नाही, पण भाऊजींना दर दिवाळीला मी हा प्रश्न विचारते.

एक राहिलंच, हे सगळं तुमच्या मुलाला आहे असं मी म्हणत नाहीये. लवकर झालेल्या बऱ्याच मुलांना ह्यातलं काही होत नाही, तुमचा पुढच्या महिन्यात टुणकन बसेलही. आणि उलटही असतं, वेळेवर चालली म्हणजे सुटलो असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९८७ ते ८९ मधे जन्मलेली कमी वजनाची मुलं मोठी होईपर्यंत तपासली, त्यात बुद्धी बहुतेकांची ठीक पण डोळा-हाताचा मेळ आणि गणित ह्यात ती मागे पडलेली दिसली. म्हणून शाळेत गेला तरी अक्षर बघत रहा. मोजा मात्र फिजिओनं सांगितल्याशिवाय घालू नका, आणि सांगितला तर इलास्टिक लावू नका, मनगटाला वळ उठतात, नाडीच बरी.