नकाशा रंगवण्याआधी

प्रिय,

तुझा मसुदा आणि सोबतचे चार नकाशे मिळाले. नकाशे देखणे आहेत. फक्त ५०० मीटर खोलीवरच्या तापमानाचा जो नकाशा आहे, त्याच्या रंगपट्ट्यांवर तू थेट जलराशींची, म्हणजे एकाच उगमाच्या पाण्याच्या साठ्यांची, नावं टाकली आहेस. तिथे मला थांबावं लागलं.

जलराशी खोलीवरून ओळखू नकोस. पाणी शेवटचं हवेच्या संपर्कात कुठे आणि कधी आलं, याची खूण तापमान आणि क्षारता या जोडीत उरते. पृष्ठभागापासून तुटल्यावर ती जोडी मुख्यतः शेजारच्या पाण्यात मिसळूनच बदलते, आणि ते काम अतिशय सावकाश चालतं. म्हणून समुद्रशास्त्रज्ञ हेलँड-हान्सेन यांनी १९१६ साली मांडलेला टी-एस आलेख, म्हणजे तापमान आणि क्षारता एकमेकांसमोर मांडणारा आलेख, अजून जुना झालेला नाही. १० अंशांचं पाणी उत्तर अटलांटिकमध्येही आहे आणि उत्तर पॅसिफिकमध्येही. तुझ्या नकाशावर दोघांचा रंग एकच. क्षारता पाहिलीस तर अटलांटिकचं पाणी जवळपास १ एककाने जास्त खारं. एवढा फरक म्हणजे सरळ दुसरं घराणं!

सेंट्रल वॉटरवरचा, म्हणजे उपोष्ण समुद्रांच्या वरच्या काही शे मीटरमधल्या पाण्यावरचा, तुझा परिच्छेद फार घाईत उरकला आहे. खरी गंमत तिथेच आहे. उत्तर अटलांटिकमध्ये एका स्टेशनवर, म्हणजे मोजणीच्या एका ठिकाणी, वरून खाली जाताना टी-एसची जी रेषा मिळते, साधारण तीच रेषा हिवाळ्यात पृष्ठभागावरून उत्तरेकडे सरकताना मिळते, हे आयसेलिन यांनी १९३९ मध्ये दाखवलं. म्हणजे आतलं पाणी वरूनच, तिरकं खाली आलेलं. पण मग उन्हाळ्याची खूण का दिसत नाही? स्टॉमेल यांनी १९७९ मध्ये याचं उत्तर दिलं. हिवाळ्याच्या शेवटी मिश्र थर, म्हणजे पृष्ठभागालगतचा घुसळून एकसारखा झालेला थर, सर्वांत खोल असतो आणि वसंतात झपाट्याने उथळ होतो. त्यानंतर खाली ढकललं गेलेलं पाणी पुढच्या हिवाळ्याचा खोल थर पुन्हा गिळून टाकतो. निसटतं ते फक्त हिवाळ्याच्या अगदी अखेरचं. तू वार्षिक सरासरी पृष्ठ-तापमानाशी तुलना केली आहेस, म्हणून तुझं गणित जुळत नाही. मार्च घेऊन बघ. दक्षिण गोलार्धात सप्टेंबर.

उत्तर अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रातलं एखादं प्रोफाइल, म्हणजे वरून खालपर्यंतची मोजणी, उघड. तापमान खाली उतरता उतरता १८ अंशांपाशी अडतं आणि दोनेकशे मीटर जवळजवळ हलतच नाही. टी-एस आलेखावर तेवढ्या सगळ्या खोलीचे बिंदू एकाच ठिकाणी गोळा होतात, पेन्सिल टेकवून ठेवल्यासारखे. असा जाड, जवळपास एकसारखा थर म्हणजेच मोड वॉटर. वर्दिंग्टन यांनी १९५९ मध्ये त्याला 'अठरा अंशांचं पाणी' म्हटलं. मला हे नाव आवडतं, काही लपवत नाही.

आता सरासरीबद्दल, कारण त्यात मीही हात पोळून घेतले आहेत. गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उष्ण प्रवाहाच्या दोन्ही बाजूंची प्रोफाइल एका चौकोनात घालून मी समान खोलीवर सरासरी काढली होती. एका बाजूला ५०० मीटरवर १७ अंशांच्या आसपासचं पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून सुमारे १० अंशांनी थंड. सरासरीत जे खारट, कोमट पाणी आलं, ते त्या समुद्रात कुठेच नव्हतं. टी-एसची रेषा वाकलेली असते; तिच्या दोन टोकांचा मध्यबिंदू रेषेवर पडत नाही. मी मात्र त्यावर दोन आठवडे सिद्धांत रचत बसायची चूक केली. समान घनतेच्या पृष्ठांवर सरासरी घे, हे भूत तिथे क्वचितच उभं राहतं.

आर्गोचा, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित फ्लोटचा, डेटा वापरतेवेळी क्वालिटी फ्लॅग (मोजणी किती विश्वासार्ह याची खूण) आधी बघ, आणि डिलेड-मोड, म्हणजे नंतर तपासून दुरुस्त केलेला डेटा, उपलब्ध असेल तर तोच घे. फ्लोट १००० मीटरवर वाहत राहतो, साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरून मोजत वर येतो. वर्षानुवर्षं असं करताना क्षारतेचा सेन्सर हळूच सरकतो. आलेखावर ते अगदी नव्या जलराशीसारखं दिसतं.

अंटार्क्टिक इंटरमीडिएट वॉटरचा, म्हणजे दक्षिणेकडून मधल्या खोलीवर पसरणाऱ्या पाण्याचा, भाग ठीक आहे. कमी क्षारतेची ती जीभ अटलांटिकमध्ये विषुववृत्त ओलांडते हे तू बरोबर पकडलंस, त्याला हात लावू नकोस.

पुढच्या खेपेला नकाशा नको. प्रत्येक महासागरातलं एकेक स्टेशन निवड, पाचही रेषा एकाच आलेखावर काढ, दर १०० मीटरला खूण कर आणि तो कागद पाठव. नावं अजून लिहू नकोस.

तुझ्या कागदाची वाट पाहत,