ठाण्यात वस्तीतल्या मुलांसाठी रविवारचा अभ्यासवर्ग चालवतो. ग्रुपवर मेसेज टाकतो, वर्षाअखेर प्रमाणपत्र देतो, तरी स्वयंसेवक दोन-तीन महिन्यांत गळतात. काय करावं?

ग्रुपवरचं सामूहिक आवाहन कमी करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून नेमकं काम सांगा. मी कळव्यात अशाच वर्गाचं स्वयंसेवकांचं वेळापत्रक सांभाळतो, त्यावरून सांगतोय. "रविवारी कोण येणार?" या मेसेजला अंगठे भरपूर येतात, माणसं येत नाहीत. "सकाळी १० ते १२, पाचवीची चार मुलं, अपूर्णांक" असं सांगितलं की माणूस तयारी करून येतो. ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्यांसाठी ट्रान्स-हार्बर लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) शनिवारीच बघून कळवा. येऊन ताटकळलेला माणूस पुन्हा येईलच असं नाही. आणि आपल्या कामाचं पुढं काय झालं, ते त्याला कळू द्या. "तुम्ही शिकवलेली ती मुलगी आता भागाकार एकटी करते", एवढा एक फोन पुरतो. शाल-श्रीफळ दिलंत तरी हरकत नाही, पण त्यानं कुणी थांबत नाही. सोडून गेलेल्यांनाही कारण विचारा. आमच्याकडे बहुतेकांचं एकच होतं: आलो, पण कामच नव्हतं.

अपवाद एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचा. त्यांना वर्षाला सेवेचे १२० तास भरायचे असतात, त्यामुळे तासांची नोंद आणि सही त्याच दिवशी द्या. तिथं कौतुकापेक्षा वही महत्त्वाची.