मेपल सिरपला काकवी समजा

कॅनडातल्या एका ताईंनी विचारलंय: शुगर शॅक, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवतात ती जागा, बघायला गेलो तेव्हा मेपल सिरपचा ५४० मिलिलिटरचा डबा आणला. महाग आहे, त्यामुळं पॅनकेकवर ओतायला जीव होत नाही. महिन्याचा हिशेब ओढाताणीचा, चौघांचं बाहेरचं जेवण परवडत नाही, आणि पोरं आमटी बघितली की नाक मुरडतात. या सिरपचं रोजच्या जेवणात काय करता येईल?

ताई, डबा फोडलात की आधी एक थेंब जिभेवर ठेवा. तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला काकवी आठवणारच. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीत रस रटरटतो, गुळव्या भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढतो, आणि गूळ व्हायच्या थोडं आधी, पाक दाट झाला की काकवी बाजूला काढतात. मेपलचीही गोष्ट तीच. झाडाला भोक पाडून पाण्यासारखा पातळ रस धरतात आणि आटवतात. साधारण ४० लिटर रस आटला की १ लिटर सिरप पडतं, महाग आहे ते त्यामुळंच. काकवीपेक्षा ते पातळ आणि त्याला लाकडाचा मंद वास. पण वापरायची रीत काकवीचीच ठेवा, म्हणजे चमच्यानं.

रात्रीच्या जेवणाला अख्खा मसूर करा. चौघांना वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम मसूर पुरतो, आणि एवढ्या पैशात पोटभर होणारं दुसरं फारसं काही मला सुचत नाही. मसूर तीन-चार तास भिजवा. कुकरला दोनच शिट्ट्या करा. दाणा शिजलेला पण अख्खा राहिला पाहिजे, गाळ झाला तर त्याची आमटीच होते. कढईत तेलावर दोन मोठे कांदे बारीक चिरून लाल होईपर्यंत परता. इथं घाई करू नका, सगळी चव या कांद्यात आहे. मग आलं-लसूण, दोन टोमॅटो, आणि घरून आणलेली कांदा-लसूण चटणी दोन चहाचे चमचे. तेल सुटलं की मसूर, मीठ आणि गरम पाणी. दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा.

गॅस बंद केल्यावर दोन चहाचे चमचे सिरप आणि थोडं लिंबू. आधी घालून उकळलं तर मेपलचा वास उडून जातो, नुसता गोडवा उरतो. हा चमचा तिखटाची धार कमी करतो, पण झणका मारत नाही. पोरांच्या ताटात आणखी अर्धा चमचा घाला. माझी खात्री आहे, ती परत मागतील.

हिशेब बघा: दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर. पोरांचा जादा अर्धा चमचा सोडला, तर एका डब्यात पन्नासहून जास्त जेवणं होतात. डबा उघडल्यावर सिरप काचेच्या बाटलीत काढून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर राहिलं तर बुरशी धरते. फ्रीजरमध्येही चालतं, त्याचा दगड होत नाही.

सोबतीला त्या थंडीत स्वस्त मिळणारा बटरनट स्क्वॉश. तो आपल्या लाल भोपळ्याचाच भाऊ. मेथीदाण्याची फोडणी, मिरची, वरून दाण्याचं कूट. तो मुळात गोड असतो, त्यात सिरप नको.

घारगे, पुरणपोळी, चिक्की यांत मात्र मेपल घालायच्या नादाला लागू नका. तिथं वाटीनं गोड लागतं, डबा दोन दिवसांत रिकामा होईल. शिवाय सिरपमध्ये तिसरा हिस्सा पाणी असतं, घारग्यांची कणीक सैल पडते. त्यासाठी भारतीय दुकानातला गूळच घ्या. आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तो दिसला तर सोडू नका.

आणि पुढच्या वेळी बाटली घेताना मागचा कागद वाचा. घटकांत फक्त मेपल सिरप लिहिलेलं हवं. स्वस्तातल्या पॅनकेक सिरपमध्ये बहुतेक वेळा मक्याचा पाक आणि वरून घातलेला वास असतो, ते आमटीत चिकट लागतं. रंग गडद असलेलं घ्या, त्याची चव चटणीपुढं टिकते.

मसूर उरला तर सकाळी कोरडा होईपर्यंत परता, चपातीत गुंडाळा, पोरांच्या डब्यात द्या. आणि तव्यावरची शेवटची गरम चपाती घ्या, तिच्यावर तूप आणि चमचाभर सिरप. लहानपणी आपण काकवीशी खायचो तशी, हातानं तोडून, बोटं चाटत.