वडिलांच्या स्पूल टेप आणि तुमचे वादन

तुमचे वडील मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत असत आणि त्यांच्या स्पूल टेप (रिळांवर गुंडाळलेल्या ध्वनिफिती) आता सोलापूरच्या घरी पडून आहेत, म्हणून पहिली विनंती अशी की त्या उत्साहाच्या भरात यंत्रावर चढवू नका. टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिच्यातील ॲसिटेटचे, म्हणजे फितीच्या प्लॅस्टिकच्या पायाचे, विघटन सुरू झाले आहे असे समजावे, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या शहरात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या टेपबाबत ही भीती अधिक असते. जाणकाराकडून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा उच्च दर्जाची मूळ डिजिटल प्रत काढून घ्यावी आणि तीत खरखर काढण्याचा मोह टाळावा.

सोबत कोण वाजवीत होते, हे हयात सहकाऱ्यांना विचारून आताच लिहून ठेवा, कारण चिक चॉकलेट यांच्यासारखे जॅझ वादक हिंदी चित्रपटांसाठीही वाजवीत असत आणि अशा वाद्यवृंदांतील बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत. वडिलांच्या स्वतःच्या रचना वेगळ्या नोंदवा. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे रचनांचे स्वामित्व हक्क (कॉपीराइट) टिकतात.

तुमच्या वादनाविषयी थोडेच सांगतो. वडिलांचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले भाग, कानाने ऐकून उतरवा, मात्र लग्नसराईतील बँडच्या सुपाऱ्यांना कमी लेखू नका. फुंकीचा दम तिथेच तयार होतो, आणि घरखर्चही निघतो.